छेद समान कधी करायचा, कधी नाही

अपूर्णांकांची बेरीज करताना छेद समान करायचा, हे शाळेत एकदा डोक्यात बसलं की बरेच जण तोच नियम गुणाकारालाही लावतात. गुणाकार शिकून झाला की काही जण बेरजेतही वरचं वर आणि खालचं खाली मिळवू लागतात. या दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. छेद समान कसा करायचा हे सगळे शिकवतात, पण तो का करायचा हे फार थोडे सांगतात. कारण कळलं तर नियम पाठ करावा लागत नाही. म्हणून हा लेख पाचवी-सहावीतल्या मुलांना घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी, स्पर्धा परीक्षेच्या निमित्ताने अनेक वर्षांनी गणिताकडे वळलेल्यांसाठी आणि अपूर्णांकांशी कधी नीट ओळखच न झालेल्यांसाठी आहे. कागद आणि पेन्सिल जवळ ठेवा. नुसतं वाचून गणित हाताला लागत नाही.

आधी छेद म्हणजे काय ते पाहू

३/४ मधला खालचा ४ म्हणजे छेद. एका पूर्ण वस्तूचे किती सारखे भाग केले, म्हणजेच एकेक भाग केवढा आहे, ते तो सांगतो. वरचा ३ म्हणजे अंश. तसे किती भाग घेतले, ते तो सांगतो. थोडक्यात, अंश ही मोजणी आहे आणि छेद हे एकक आहे. आपण ‘तीन किलो’ म्हणतो, तसंच ‘तीन चतुर्थांश’ म्हणतो.

आता १९५७ पूर्वीचा रुपया डोळ्यांपुढे आणा. १ एप्रिल १९५७ पासून आपल्याकडे दशमान चलन आलं. त्याआधी एका रुपयाचे १६ आणे आणि एका आण्याचे १२ पै असत. पाव रुपया आणि रुपयाचा आठवा भाग मिळून किती? त्या काळचा कोणीही दुकानदार क्षणात सांगे: चार आणे आणि दोन आणे, सहा आणे. छेद समान केल्याचं त्याच्या ध्यानीमनीही नसे, पण काम त्याने तेच केलेलं असे:

१/४ + १/८ = ४/१६ + २/१६ = ६/१६ = ३/८

आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग. पाव आणि अष्टमांश, दोन्ही त्यात पूर्ण मोजता येतात, म्हणून बेरीज सोपी झाली. याच आण्यांत रुपयाचा तिसरा भाग मात्र बसत नाही, कारण १६ ला ३ ने भाग जात नाही. त्यासाठी पैपर्यंत खाली उतरावं लागे. रुपयाचे १९२ पै, त्याचा तिसरा भाग ६४ पै, म्हणजे ५ आणे ४ पै. समान छेद शोधणं म्हणजे नेमकं हेच: दोन्ही अपूर्णांक ज्यात पूर्ण मोजता येतील असं एकक शोधायचं.

जमिनीच्या हिशेबात हे आजही चालू आहे. एकराचे ४० गुंठे. पाव एकर आणि ३/८ एकर मिळून किती, हे विचारलं तर शेतकरी १० गुंठे आणि १५ गुंठे मिळवून २५ गुंठे सांगेल. २५/४० म्हणजे ५/८ एकर. आणि ‘दीड अधिक पावणेदोन’ ही बेरीज तुम्ही तोंडी कशी करता, तेही पाहा. दीडमध्ये सहा पाव, पावणेदोनमध्ये सात पाव, एकूण तेरा पाव, म्हणजे सव्वातीन. छेद समान करणं आपल्या बोलण्यातच आहे. कागदावर आल्यावर ते अवघड वाटतं, एवढंच.

पहिली पायरी: चिन्हाकडे पाहा

गणित समोर आलं की लगेच लसावि (लघुतम सामाईक विभाज्य, म्हणजे सगळ्या छेदांनी पूर्ण भाग जाणारी सर्वांत लहान संख्या) काढायला बसू नका. आधी स्वतःला विचारा: मी वेगवेगळ्या आकाराचे तुकडे एकत्र मोजतोय का, किंवा एकमेकांशेजारी ठेवून कोणता मोठा ते पाहतोय का? तसं असेल तर एकक सारखं हवं, म्हणजे छेद समान हवा. बेरीज, वजाबाकी आणि लहान-मोठेपणा ठरवणं, ही तीन कामं या गटातली. एखाद्या भागाचा पुन्हा भाग घ्यायचा असेल तर तो गुणाकार, आणि तिथे समान छेदाची गरज नाही. भागाकार मधला आहे. तिथे छेद समान केला तरी चालतं, नाही केला तरी चालतं. आता एकेक करून पाहू.

बेरीज आणि वजाबाकी

५/१२ + ७/१८ घ्या. एक बारावा भाग आणि एक अठरावा भाग हे वेगवेगळ्या मापाचे आहेत, त्यामुळे ५ आणि ७ मिळवून आलेल्या १२ ला काही अर्थ नाही. बारा काय? ना बारावे भाग, ना अठरावे.

१२ = २ × २ × ३ आणि १८ = २ × ३ × ३. दोघांनीही पूर्ण भाग जाणारी सर्वांत लहान संख्या हवी, म्हणून दोन वेळा २ आणि दोन वेळा ३ घ्या: लसावि ३६. आता १२ चे ३६ करायला ३ ने गुणावं लागलं, म्हणून अंशालाही ३ ने गुणा: १५/३६. १८ चे ३६ करायला २ ने गुणावं लागलं, म्हणून दुसरा अपूर्णांक १४/३६. बेरीज २९/३६. छेद ३६ तसाच राहतो, कारण एकक बदललेलं नाही. १५ गुंठे आणि १४ गुंठे मिळून २९ गुंठे होतात. गुंठ्याचा आकार दुप्पट होत नाही.

लसाविच हवा का? नाही. कोणताही समान छेद चालतो. १२ × १८ = २१६ घेतलं तर ९०/२१६ + ८४/२१६ = १७४/२१६ येतं आणि अंश-छेद दोन्हींना ६ ने भागून संक्षिप्त केलं की पुन्हा २९/३६. लसाविमुळे फक्त आकडे लहान राहतात. ज्याला लसावि पटकन सुचत नाही, त्याने छेदांचा गुणाकार घ्यावा आणि शेवटी संक्षिप्त रूप द्यावं. त्यात कमीपणा नाही. ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी मुळात हीच रीत दिली आहे: एकाच्या छेदाने दुसऱ्याचा अंश आणि छेद दोन्ही गुणायचे, आणि पूर्ण संख्या असेल तर तिचा छेद १ मानायचा. लसाविची कल्पनाही आपल्याकडे जुनीच. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी अपूर्णांकांसाठी ती वापरली होती.

अंश-अंश, छेद-छेद मिळवायची सवय मोडायला सर्वांत चांगला उपाय म्हणजे अंदाज. १/२ + १/३ चं उत्तर कोणी २/५ काढलं, तर त्याला विचारा: २/५ हे अर्ध्यापेक्षा कमी आहे. अर्ध्यात आणखी काही घातलं आणि ते अर्ध्याहून कमी कसं झालं? हा प्रश्न लसाविच्या दहा उदाहरणांपेक्षा जास्त काम करतो, असं माझं ठाम मत आहे. खरं उत्तर ३/६ + २/६ = ५/६.

इथे हुशार मूल एक शंका काढतं आणि तिला नीट उत्तर मिळायला हवं. पहिल्या चाचणीत २० पैकी १२ गुण, दुसऱ्या चाचणीत ३० पैकी २४. शिक्षक एकूण ५० पैकी ३६ लिहितात. म्हणजे त्यांनी अंश-अंश आणि छेद-छेद मिळवलेच की! मग ते बरोबर कसं? कारण ती अपूर्णांकांची बेरीजच नाही. तिथे पूर्ण वस्तूच बदलली. आधी २० गुणांची एक आणि ३० गुणांची एक अशा दोन चाचण्या होत्या, आता ५० गुणांची एकच मोठी चाचणी मानली. अपूर्णांकांच्या बेरजेत दोन्ही भाग एकाच मापाच्या पूर्ण वस्तूचे असतात. १२/२० + २४/३० ही खरी बेरीज केली तर ३/५ + ४/५ = ७/५ येते, आणि त्या चाचण्यांच्या संदर्भात तिला काही अर्थ नाही. मुलाची शंका ‘ते वेगळं असतं’ म्हणून उडवून लावू नका. हा फरक कळला की अपूर्णांक पुष्कळसा कळला.

वजाबाकीची रीत तीच. फक्त पूर्णांकयुक्त अपूर्णांकांत थोडं थांबावं लागतं. ५ पूर्णांक १/३ मधून २ पूर्णांक १/२ वजा करायचे आहेत. समान छेद ६ घेतला की ५ पूर्णांक २/६ वजा २ पूर्णांक ३/६. दोनातून तीन जात नाहीत, म्हणून पाचातला एक मोडा. तो एक म्हणजे ६/६. आता ४ पूर्णांक ८/६ वजा २ पूर्णांक ३/६, उत्तर २ पूर्णांक ५/६. नेहमीच्या वजाबाकीत हातचा दहाचा असतो, इथे सहाचा. छेद जेवढा, तेवढ्याचा.

सतरा उंटांचं कोडं तुम्ही ऐकलं असेल. वडिलांनी तीन मुलांना वाटणी सांगितली: मोठ्याला अर्धे, मधल्याला तिसरा हिस्सा, धाकट्याला नववा. शेजारचा एक उंट आणून १८ केले की ९, ६, २ अशी वाटणी होते आणि आणलेला उंट परत जातो. यात जादू नाही. १/२ + १/३ + १/९ = ९/१८ + ६/१८ + २/१८ = १७/१८. वाटणी सांगणाऱ्याने पूर्ण १ वाटलाच नव्हता. तिन्ही छेदांचा लसावि १८, म्हणून अठरावा उंट आणावा लागला.

कोण मोठं?

५/८ मोठं की ७/१२? समान छेद २४ घेतला तर १५/२४ आणि १४/२४, म्हणून ५/८ मोठं. तिरकस गुणाकार करणारे ५ × १२ = ६० आणि ७ × ८ = ५६ असं पाहतात. तो काही वेगळा मंत्र नाही. दोघांचा छेद ९६ केला तर अंश ६० आणि ५६ येतात, फक्त छेद लिहायचे कष्ट वाचवले.

पण तुलनेत दर वेळी छेद समान करायची गरज पडत नाही. अंश सारखे असतील तर छेद जितका मोठा तितका तुकडा लहान, म्हणून ३/७ हा ३/८ पेक्षा मोठा. एक अर्ध्याच्या खाली आणि दुसरा वर असेल, जसे ४/९ आणि ५/८, तर काही करायलाच नको. आणि ८/९ व ११/१२ सारखे दोन्ही एकाच्या जवळ असतील तर तूट पाहा: एकाला १/९ कमी, दुसऱ्याला १/१२ कमी. तूट जिथे लहान तो मोठा, म्हणजे ११/१२. शिष्यवृत्ती परीक्षेत चढता-उतरता क्रम विचारतात तेव्हा या तीन नजरा फार वेळ वाचवतात.

गुणाकार: इथे छेदाला हात लावू नका

पाऊण एकराचा तुकडा आहे. त्याच्या २/३ भागात कांदा लावला. कांद्याखाली किती एकर? गुंठ्यांत पाहिलं तर ३० गुंठ्यांचे दोन तृतीयांश, २० गुंठे, म्हणजे अर्धा एकर. अपूर्णांकांत:

२/३ × ३/४ = ६/१२ = १/२

छेद वेगळे असूनही अडलं नाही. का? एक चौकोन काढा, तो एक एकर समजा. उभ्या रेघांनी त्याचे चार सारखे भाग करा आणि तीन रंगवा. ते पाऊण एकर. आता आडव्या रेघांनी तीन सारखे भाग करा आणि रंगवलेल्यातल्या दोन ओळी घ्या. पूर्ण चौकोनात ४ × ३ = १२ घरं झाली आणि तुमच्याकडे ३ × २ = ६ घरं आली. बारावा भाग हे नवं एकक गुणाकाराने आपणहून तयार केलं. बेरजेत एकक आधी जुळवावं लागतं, गुणाकार स्वतःच एकक घडवतो. हा चौकोन प्रत्यक्ष काढून पाहा. माझ्या मते या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं काम ते आहे.

मग गुणाकाराआधी छेद समान केला तर चूक होते का? उत्तर चुकत नाही, पण श्रम वाया जातात: ८/१२ × ९/१२ = ७२/१४४, आणि मग संक्षिप्त करत बसा. खरा धोका पुढे आहे. बेरजेच्या सवयीने ‘छेद तोच ठेवायचा’ म्हणून कोणी ७२/१२ लिहिलं की उत्तर ६ येतं. पाऊण एकराच्या तुकड्यात सहा एकर कांदा!

गुणाकारात करायची तयारी वेगळीच आहे. पूर्णांकयुक्त अपूर्णांक असेल तर तो आधी अंशाधिक करा (अडीच म्हणजे ५/२), आणि गुणण्यापूर्वी वरचा कोणताही अंश व खालचा कोणताही छेद सारख्या संख्येने छाटता येतो का ते पाहा. वरच्या उदाहरणात ३ ला ३ गेले, २ ने ४ चे २ झाले, उत्तर १/२ लगेच हातात. बेरजेत मात्र अशी तिरकस काटछाट कधीच चालत नाही.

जुन्या पिढीने पाठ केलेल्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे सगळे अपूर्णांकाच्या गुणाकाराचे पाढे आहेत. त्यांत छेद समान करायचा प्रश्न कुठेच येत नाही.

भागाकार: दोन वाटा

त्याच पाऊण एकरातून १/८ एकराचे तुकडे पाडायचे. किती पडतील? नेहमीची वाट म्हणजे भाजकाचा गुणाकार व्यस्त (अंश-छेद उलटे केलेला अपूर्णांक) घेऊन गुणणं: ३/४ × ८/१ = २४/४ = ६. इथे समान छेद नको.

दुसरी वाट छेद समान करण्याची: ६/८ ÷ १/८. दोन्हीकडे एकक आठव्या भागाचं. सहा आठव्या भागांत एक आठवा भाग किती वेळा बसतो? सहा वेळा. छेद समान झाले की तो निघूनच जातो आणि फक्त अंशांचा भागाकार उरतो. नवख्या माणसाला मी आधी हीच वाट दाखवेन, कारण ‘उलटा करून गुणा’ हे कुठून आलं ते यातून दिसतं. सराव झाला की पहिली वाट जलद पडते.

१/६ एकराचे तुकडे पाडले तर? ९/१२ ÷ २/१२ = ९/२, म्हणजे साडेचार. हा अर्धा कशाचा, हे नीट लक्षात घ्या. अर्धा एकर नव्हे, अर्धा तुकडा. चार तुकडे पाडल्यावर १/१२ एकर उरते आणि ती १/६ च्या बरोबर निम्मी आहे.

शाब्दिक उदाहरणात चिन्ह कसं ओळखायचं

चिन्ह दिलेलं असेल तोवर सोपं आहे. खरी परीक्षा शाब्दिक उदाहरणात. शेताच्या २/५ भागात ज्वारी आणि उरलेल्याच्या १/३ भागात हरभरा. किती भाग मोकळा? ‘उरलेल्याच्या १/३’ म्हणजे भागाचा भाग, म्हणून गुणाकार. उरलं ३/५, त्याचा तिसरा भाग १/३ × ३/५ = १/५. मोकळा भाग ३/५ − १/५ = २/५.

आता तोच प्रश्न ‘शेताच्या १/३ भागात हरभरा’ असा विचारला, तर दोन्ही भाग एकाच शेताचे झाले. मग समान छेद १५ हवाच: १ − २/५ − १/३ = १५/१५ − ६/१५ − ५/१५ = ४/१५. ‘उरलेल्याच्या’ या एका शब्दाने रीतही बदलली आणि उत्तरही. प्रत्येक अपूर्णांकापुढे ‘कशाचा?’ असा प्रश्न पेन्सिलीने लिहायची सवय लावा.

एकाच उदाहरणात दोन्ही चिन्हं आली तर गुणाकार-भागाकार आधी उरका आणि बेरीज समोर येईल तेव्हाच छेद पाहा. २/३ + १/४ × २/५ मध्ये सुरुवातीलाच ३, ४, ५ चा लसावि ६० काढू नका. १/४ × २/५ = १/१०, मग २/३ + १/१० = २०/३० + ३/३० = २३/३०.

नळाच्या गणितांतही हीच दोन कामं शेजारी-शेजारी येतात. एक नळ टाकी ६ तासांत भरतो, दुसरा ४ तासांत. तासाला दोघे मिळून १/६ + १/४ = २/१२ + ३/१२ = ५/१२ टाकी भरतात. पूर्ण टाकीला १ ÷ ५/१२ = १२/५ तास, म्हणजे २ तास २४ मिनिटं. बेरजेला समान छेद लागला, भागाकाराला नाही.

समीकरणात छेद घालवणं

पुढे बीजगणितात x/३ + x/४ = १४ असं समीकरण येतं. इथे दोन्ही बाजूंना १२ ने गुणलं की ४x + ३x = १६८, म्हणून x = २४. छेद नाहीसा झाला, कारण दोन्ही बाजूंना सारखंच केलं. पण नुसतं x/३ + x/४ सोपं करायचं असेल तर उत्तर ७x/१२ आहे. तिथला १२ पुसता येत नाही. बरोबरचं चिन्ह नसताना छेद पुसणं ही आठवी-नववीत फार दिसणारी चूक आहे.

आता पाच उदाहरणं. सोडवण्याआधी प्रत्येकाशेजारी ‘हवा’, ‘नको’ किंवा ‘चालेल’ एवढंच लिहा.

१) ३/८ + ५/१२
२) ५/६ × ९/१०
३) ७/९ ÷ २/९
४) १ − २/७ − १/३
५) ९/१३ मोठं की ९/१४?

उत्तरं: पहिल्यात हवा, १९/२४. दुसऱ्यात नको, आधी छाटून ३/४. तिसऱ्यात छेद समान आहेतच, त्यामुळे थेट ७/२. चौथ्यात हवा, ८/२१. पाचव्यात नको, अंश सारखे आहेत, म्हणून ९/१३ मोठं.